एसएसडी आली, कॉम्प्युटर यायचाय. तपासायची कशी?

मधल्या_आळीतला | २९ सप्टेंबर २०२५, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं एकाच लॅपटॉपवर काढली. आता मुलगी आर्किटेक्चरला गेली आणि तिची सॉफ्टवेअरं उघडताना तो पंख्याचा आवाज करून नुसता तापतो. म्हणून घरीच पीसी जोडायचा ठरवलंय. एकदम सगळे पैसे बाहेर काढणं जमणार नाही, तेव्हा सुटे भाग जमतील तसे घेतोय. सेलमध्ये १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (डेटा साठवायची चिपवाली डिस्क, थेट मदरबोर्डावर बसणारी) बऱ्या भावात दिसली, घेऊन टाकली. परवा घरी आली. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम वगैरे दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर.

आता गोची अशी, की बिलावर लिहिलंय "७ दिवसांत फक्त बदलून मिळेल". म्हणजे ४ तारखेनंतर विक्रेता हात वर करणार. लॅपटॉप २०१६चा, त्यात ही बसायला जागाच नाही. मग पीसी नसताना तपासू कशी? की उगाच डोक्याला ताप करून घेतोय?

सौ.चं म्हणणं, "आधी फ्रीज आणून मग घर बांधणारे तुम्ही."

रिकामटेकडा | २९ सप्टेंबर, रात्री ९:५८

वहिनींना +१. 

खटपट्या | २९ सप्टेंबर, रात्री १०:२५

ताप नाही, बरोबर विचार करताय. कंपनीची पाच वर्षांची वॉरंटी असते म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण सात दिवसांत बदलून मागितली तर नवी कोरी मिळते. नंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिलीत तर बऱ्याचदा दुरुस्त केलेली हातात येते, शिवाय हेलपाटे आणि कुरिअर तुमच्या माथी.

एक एनव्हीएमई एनक्लोजर मागवा. अॅल्युमिनियमची डबी असते, आत एसएसडी बसवायची आणि यूएसबीने कुठल्याही लॅपटॉपला लावायची. दीड-दोन हजारांपर्यंत चांगली मिळते. दोन गोष्टी बघून घ्या: डबी एनव्हीएमईची हवी, नुसत्या साटावाली (जुन्या, संथ पद्धतीच्या एसएसडीची) स्वस्त असते पण तिच्यात तुमची चालणार नाही. आणि आतली चिप रियलटेकची ९२१०बी असेल तर उत्तम, ती दोन्ही प्रकार ओळखते. पैसे वाया जाणार नाहीत, पीसी झाल्यावर हीच डबी बॅकअपला वापराल.

पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढला होता का?

मधल्या_आळीतला | २९ सप्टेंबर, रात्री १०:४०

पाकीट अजून फोडलेलंच नाही. डबी मागवली, १ तारखेला येतेय.

दादरकर_काका | ३० सप्टेंबर, सकाळी ७:१५

ही सगळी ऑनलाइनची दुखणी आहेत. आम्ही ग्रँट रोडला उतरायचो, लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरायचो, यादी टेकवायची आणि दुकानदार समोर जोडून, चालू करून दाखवायचा. सगळं एका ठिकाणी, एका बिलावर. सटरफटर भाग दहा ठिकाणांहून दोन महिने गोळा करत बसलात तर बोर्ड येईपर्यंत एसएसडीची मुदत संपणार आणि प्रोसेसर येईपर्यंत बोर्डाची. एसएसडी तपासाल हो डबीत घालून. बोर्ड कशात घालून तपासणार?

चष्मिष्ट | ३० सप्टेंबर, सकाळी ९:०२

काकांचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. पण दुकानाचं कौतुक ऐकून माझी जखम उघडी पडली, म्हणून लिहितोच.

मीही दुकानातूनच घेतली. सीलबंद पाकीट, माझ्या समोर ब्लेडने फोडलं. घरी आणून बसवली, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे आजवर चालू राहिल्याचे तास: २,९००. मला वाटलं डोळ्यांचा दोष. चष्मा पुसून परत बघितलं. २,९००च! वर १४ टीबी लिहून झालेलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर गडी म्हणतो, "कंपनीवाले टेस्ट करके भेजते हैं साहब."

२,९०० तास म्हणजे चोवीस तास चालू ठेवली तरी चार महिने होतात. चार महिने कंपनी काय तिला नांदवून बघत होती?

दादरकर_काका | ३० सप्टेंबर, सकाळी ९:२०

कोणतं दुकान?

चष्मिष्ट | ३० सप्टेंबर, सकाळी ९:२४

नाव नाही घेत. दोन तास वाद घालून का होईना, बदलून दिली. दुसरी निघाली ० तासांची.

मधल्या_आळीतला | ३० सप्टेंबर, दुपारी १:३०

बाप रे. म्हणजे हे आकडे बघता येतात? काय काय बघायचं ते कुणी नीट सांगेल का? आणि स्पीड टेस्ट कुठली करू?

निशा_कर्वेनगर | ३० सप्टेंबर, रात्री ११:०५

माझं पोट सर्व्हरच्या डिस्कांवर चालतं, त्यामुळे जरा लांबण लावते.

एसएसडी स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर चष्मिष्ट म्हणाले ते सॉफ्टवेअर, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. नव्या डिस्कवर एवढं बघा: चालू तास ० किंवा एक-दोन. लिहिलेला डेटा जवळपास शून्य. 'परसेंटेज यूज्ड' ०. 'अव्हेलेबल स्पेअर' १००. 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' ०, आणि हा आकडा कायम ०च राहिला पाहिजे. काही ठिकाणी लिहिलेला डेटा 'युनिट्स'मध्ये दाखवतात. एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट, मोठा आकडा बघून छातीत धस्स होऊ देऊ नका. 'अनसेफ शटडाउन्स'चंही भय नको, डबीची वायर खसकन ओढलीत तरी तो वाढतो.

पण ही वही डिस्क स्वतःच लिहिते. आपणच आपलं प्रगतिपुस्तक भरण्यातला प्रकार. तिच्यात सगळं छान आहे म्हणजे डिस्क छान, असं नाही.

खरी तपासणी एकच: डिस्क काठोकाठ भरायची आणि लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचता येतं का बघायचं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, जर्मनीच्या 'सीटी' या कॉम्प्युटर मासिकाचं. लिनक्सवर एफ३. दिसायला दोन्ही अगदी रूक्ष, काम मात्र चोख.

स्पीड टेस्टच्या आकड्यांवर मात्र भाळू नका. ती साधारण एक जीबीच्या फायलीवर चालते आणि मोकळी होते. आजकालच्या बहुतेक एसएसडी आलेला माल आधी 'एसएलसी कॅश'मध्ये टाकतात. घर बदलताना टेम्पोतलं सामान हमाल भराभर ओट्यावर उतरवून ठेवतात, तसं. ओटा मोकळा आहे तोवर काम झपाट्याने होतं. ओटा भरला की एकेक खोकं माळ्यावर चढवत बसावं लागतं, तेव्हा खरा वेग कळतो. टीएलसी (एका मेमरी सेलमध्ये तीन बिट) असेल तर बरा राहतो. क्यूएलसी असेल, म्हणजे एका सेलमध्ये चार बिट कोंबलेले, तर कधीकधी जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली जातो. मुलगी मोठ्या फायली हलवणार असेल तर हे लक्षात घ्या.

रिकामटेकडा | ३० सप्टेंबर, रात्री ११:१२

ओटा, माळा, हमाल... एवढी सोपी एसएसडी आयुष्यात कुणी समजावली नव्हती. दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मधल्या_आळीतला | १ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

निशाताई, मनःपूर्वक आभार. एक भाबडी शंका: पूर्ण भरून बघितली तर झिजणार नाही का? लिहिण्यावर मर्यादा असते म्हणतात.

सोल्डर_सम्राट | १ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

असतेच. म्हणूनच मला हे सगळं थोतांड वाटतं. स्मार्ट बघा, विंडोज टाका, वापरा. आजवर अठरा-वीस पीसी जोडले, एकदाही असली परीक्षा घेतली नाही आणि एकही एसएसडी मेली नाही.

निशा_कर्वेनगर | १ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

१ टीबीच्या चांगल्या टीएलसी डिस्कला साधारण ६०० टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं, म्हणजे ६०० टीबी लिहीपर्यंत कंपनी जबाबदारी घेते. एकदा पूर्ण भरली तर त्यातला सहाशेवा हिस्सा गेला. नवी चप्पल दुकानात चार पावलं चालून बघितल्यावर जेवढी झिजते, तेवढंच.

बाकी सम्राट, अठरा-वीसवर ठरवू नका. एक गंमत सांगते. २०१९च्या नोव्हेंबरात एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने सूचना काढली होती, की त्यांच्या सर्व्हरच्या ठरावीक एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की मरतील. ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. फर्मवेअरमधला (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधला) तासांचा आकडा बहुधा १६ बिटांच्या डब्यात ठेवला असावा, तो उतू जात होता. डेटाही परत मिळणार नाही. सर्व्हरमध्ये या डिस्का जोडीने, एकाच दिवशी लावलेल्या असतात, म्हणजे एक गेली तर दुसरी सांभाळून घेईल म्हणावं तर दोघी एकाच मुहूर्तावर जाणार. नवं फर्मवेअर टाकलं की प्रश्न मिटत होता, पण वेळेत टाकायला हवं. तेव्हा कंपनीचं सॉफ्टवेअर लावून फर्मवेअर अद्ययावत आहे का, तेही बघा.

सोल्डर_सम्राट | १ ऑक्टोबर, सकाळी ९:४१

सर्व्हर वेगळे, घरचा पीसी वेगळा. पण किस्सा भारी आहे, हे मान्य.

रिकामटेकडा | १ ऑक्टोबर, सकाळी ११:००

अवांतर: आमच्या मावसभावाने १६ टीबीची 'एक्स्टर्नल एसएसडी' अठराशे रुपयांत घेतली. सगळं लग्न त्यात टाकलं, साडेचार तासांचं शूटिंग. फायली दिसतात, उघडत नाहीत. शेवटी स्क्रू काढून बघितलं तर आत मेमरी कार्ड, डिंकाने चिकटवलेलं, आणि वजन यावं म्हणून लोखंडाचा तुकडा.

खटपट्या | १ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

हीच ती जात. कार्ड असतं ६४ जीबीचं, आणि त्याच्या फर्मवेअरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. ६४ जीबी भरले की पुढचं मागच्यावर लिहीत राहतं, तक्रार अजिबात नाही. एच२टेस्टडब्ल्यू मुळात अशांना पकडायलाच कामी येतं.

अदिती_ठाणे | १ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

डबीवर दोन हजार घालवायचे नसतील तर ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट असतो बऱ्याचदा. तिथे लावून बघा.

निशा_कर्वेनगर | १ ऑक्टोबर, दुपारी ४:२२

नको हो! ऑफिसचा लॅपटॉप उघडला, बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगांत) काही हललं आणि डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर सोमवारी आयटीवाल्यांना काय सांगणार? ते आयटीवाले म्हणजे आम्ही. आम्हाला सगळं कळतं.

मधल्या_आळीतला | १ ऑक्टोबर, रात्री ८:५५

डबी आली. एसएसडी बसवली, लॅपटॉपला लावली. निळा दिवा लागला, 'टडिंग' असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. धिस पीसीमध्ये फक्त सी आणि डी. मेलेली आलीय का? हात थरथरतायत.

खटपट्या | १ ऑक्टोबर, रात्री ८:५८

थरथरू नका. कोरी पाटी आहे, तिच्यावर विभाग पाडल्याशिवाय दिसत नाही. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. 'इनिशियलाइज' विचारेल, जीपीटी निवडा. मग काळी पट्टी दिसेल तिच्यावर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. आधी आकार बघून खात्री करा की नवीच डिस्क आहे. डी ड्राइव्हवर हा उद्योग केलात तर आम्हाला बोल लावायचा नाही.

मधल्या_आळीतला | १ ऑक्टोबर, रात्री ९:२०

दिसली! पण ९३१ जीबी. ६९ जीबी कुठे गेले?

रिकामटेकडा | १ ऑक्टोबर, रात्री ९:२१

जीएसटी.

चष्मिष्ट | १ ऑक्टोबर, रात्री ९:२५

:D :D

कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. दोघेही आपापल्या जागी बरोबर. १ टीबीला ९३१च दिसायला हवेत. तास किती दाखवतेय ते सांगा.

मधल्या_आळीतला | १ ऑक्टोबर, रात्री ९:४०

तास ०. बाकी सगळं निशाताईंनी लिहिलं तसंच. एच२टेस्टडब्ल्यू सुरू केलं. वेग ३८ एमबी, सात तास दाखवतंय. खोक्यावर ५,००० लिहिलंय. फसलो ना?

सोल्डर_सम्राट | १ ऑक्टोबर, रात्री ९:४४

वायर कुठली लावलीत?

मधल्या_आळीतला | १ ऑक्टोबर, रात्री ९:४७

डबीसोबतची आखूड होती, टेबलापर्यंत पोचेना. म्हणून मोबाइलच्या चार्जरची सी टाइप लावली. दोन्हीकडे तर तेच टोक बसतं की.

सोल्डर_सम्राट | १ ऑक्टोबर, रात्री ९:५०

तिथेच घोडं पेंड खातंय. बहुतेक चार्जिंगच्या वायरी आतून यूएसबी २.०च्या असतात, त्यातून चाळीसच्या पुढे जातच नाही. डबीबरोबरची लावा, आणि लॅपटॉपच्या निळ्या पोर्टात. तरी ५,००० विसरा, तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट ५ जीबीपीएसचा, चारशेच्या आसपास मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं.

खटपट्या | १ ऑक्टोबर, रात्री ९:५३

सम्राटांच्या एका प्रतिसादात दोन घोडी.

मधल्या_आळीतला | २ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा. आपट्याची पानं नंतर, आधी हे ऐका.

रात्री आखूड वायर लावली, लॅपटॉप खुर्चीवर ठेवून आपण जमिनीवर. ४१० एमबी! अत्यानंद. बारा मिनिटं झाली, ३०० जीबीच्या आसपास लिहून झाले आणि महावितरणने लाइट घालवली. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारलीय. सगळं ठप्प. लाइट आली पावणेबाराला. जुन्या फायली पुसून परत पहिल्यापासून. डबीला हात लावला तर इस्त्रीसारखी तापलेली, म्हणून टेबलफॅन लावून बसलो. सौ. दोनदा येऊन बघून गेली, की नक्की कुणाला वारा घालतायत.

एक वाजून पाच मिनिटांनी संपलं. लिहिणं-वाचणं मिळून एक तास वीस मिनिटं. एकही चूक नाही. वेग शेवटपर्यंत ४१०च राहिला, ओटा भरलाच नाही! स्मार्टमध्ये आता १.३ टीबी लिहिलेले, एरर ०, अनसेफ शटडाउन्स ३.

निशा_कर्वेनगर | २ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

छान. पण ओटा भरला नाही असं म्हणता येणार नाही. तुमचा यूएसबीचा दरवाजाच इतका अरुंद, की हमालांना माळ्यावर नेऊन ठेवायला भरपूर वेळ मिळाला. एवढं कळलं, की डिस्क काठोकाठ भरेपर्यंत निदान ४१० टिकतो, म्हणजे क्यूएलसीचं रडगाणं दिसत नाही. खरा वेग बोर्डावर बसल्यावरच. डेटा नीट राहतो हे मात्र सिद्ध झालं, आणि सात दिवसांत तेच हवं होतं.

दादरकर_काका | २ ऑक्टोबर, दुपारी १२:००

एसएसडी पास झाली, अभिनंदन. बोर्डाचं काय करणार ते अजून कुणी बोललं नाही.

खटपट्या | २ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

काका बरोबर आहेत. बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) एकाच आठवड्यात घ्या, ही चौकडी फोडायची नाही. कॅबिनेट लांबलं तरी चालेल, बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालू करून बघता येतो. खरं तर एसएसडी सर्वांत शेवटी घ्यायची वस्तू. पण सेल लागला की आपलं डोकं कुठे ठिकाणावर असतं.

मधल्या_आळीतला | १४ डिसेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. बोनस दिवाळीत आला आणि छपरातच गेला, गळत होतं. आता हात मोकळा झाला तर रॅमचे भाव बघून पोटात गोळा आला. सप्टेंबरात बघून ठेवलेली ३२ जीबीची जोडी दुपटीच्याही वर गेलीय. थांबू का? आणि एसएसडी अडीच महिने कपाटात आहे, तिचं काही बिघडत नाही ना?

चष्मिष्ट | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

थांबून स्वस्त होईल असं वाटत नाही. एआयच्या सर्व्हरांसाठी सगळी मेमरी तिकडे वळलीय. मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने तर या महिन्याच्या सुरुवातीला जाहीर केलं, की 'क्रुशल' नावाने घरगुती ग्राहकांना माल विकणंच बंद करणार. सध्या १६ घ्या, एक खण रिकामा ठेवा.

निशा_कर्वेनगर | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

एसएसडीची काळजी नको. जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे घरगुती एसएसडी पूर्ण झिजल्यावरसुद्धा, वीज न देता ३० अंशात वर्षभर डेटा टिकला पाहिजे. तुमची तर नवी, आणि आत आहेच काय टिकायला.

दादरकर_काका | १५ डिसेंबर, सकाळी ७:०५

बघा, सेलमध्ये आधी घेतली ते एका अर्थी बरंच झालं. एसएसडीही महागल्यात. मी हे बोललो असं कुणाला सांगू नका.

मधल्या_आळीतला | ११ जानेवारी २०२६, दुपारी ३:२०

चौकडी एकाच आठवड्यात आली (रॅम १६च). आज रविवार, मुलीने आणि मी जोडायला घेतलं. प्रोसेसर बसला, रॅम बसली. एसएसडी तिरकी घालून दाबली, ती परत वर उठते. दाबून ठेवायचा तो इवलासा स्क्रू सापडत नाहीये! अर्धा दिवस गेला. चष्म्याच्या दुकानातही जाऊन आलो, त्यांचा बारीक पडतो.

सोल्डर_सम्राट | ११ जानेवारी, दुपारी ३:२६

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे एम२ मापाचा, ३ मिमी लांबीचा मागा. जुन्या लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचाही बहुधा चालतो. सेलोटेप लावू नका.

मधल्या_आळीतला | ११ जानेवारी, दुपारी ४:०२

सापडला. बोर्डाच्या खोक्यातली एक प्लॅस्टिकची पुडी मी 'कचरा' म्हणून टाकली होती. सौ.ने डब्यातून काढून ठेवली होती.

रिकामटेकडा | ११ जानेवारी, दुपारी ४:०३

वहिनींना +१.

मधल्या_आळीतला | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

चालू झाला!! विंडोज टाकून झालं. बोर्डावर स्पीड टेस्ट: वाचन ४,९५०. निशाताई, हाच खरा वेग ना? आता मुलगी सॉफ्टवेअरं टाकतेय. तपमान ७४ दाखवतंय, डबीत होतं त्याहून जास्त. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) तर नीट बसवलाय.

खटपट्या | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

हीटसिंकच्या खालच्या पॅडवर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी असते, ती सोलून काढलीत ना?

मधल्या_आळीतला | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:५२

थांबा, बंद करतो.